जबड्याचा सांधा दुखतोय? व्यायाम, प्लेट, इंजेक्शन की ऑपरेशन : कोणत्या उपचाराचा किती उपयोग?

जांभई देताना कानापुढे 'कट्' असा आवाज येतो. सकाळी उठल्यावर गाल जड झालेले असतात. भाकरी चावताना कळ थेट कानशिलात जाते. कानाचे डॉक्टर तपासून सांगतात, कान चांगला आहे. दातांचे डॉक्टर सांगतात, दात चांगले आहेत. मग दुखतंय काय?

बऱ्याचदा दुखत असतो तो जबड्याचा सांधा, किंवा तो हलवणारे स्नायू. या सांध्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे : टेम्पोरोमॅन्डिब्युलर जॉइंट. डॉक्टर त्याला 'टीएमजे' म्हणतात आणि त्याच्या सगळ्या दुखण्यांना मिळून 'टीएमडी'. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की ते जुनाट धरलं जातं आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. कारण यावर उपचार भरपूर आहेत. कुणी रात्री घालायची प्लेट देतं, कुणी बोटॉक्स सुचवतं, कुणी दात घासून 'चावा नीट करू' म्हणतं, कुणी ऑपरेशनचं नाव काढतं. इन्स्टाग्रामवर तर दर तिसऱ्या रीलमध्ये जबडा 'सेट' करून मिळतो.

आता समजा तुम्ही मळवलीत राहता, किंवा जवळच्या भाजे, पाटण, कार्ल्यात. मळवली हे पुणे-लोणावळा लोकलवरचं लोणावळ्याच्या अलीकडचं शेवटचं स्टेशन. साधा दातांचा दवाखाना लोणावळ्यात किंवा कामशेतला सापडेल. पण जबड्याच्या सांध्याचा अनुभव असलेले डॉक्टर, एमआरआय, सर्जन यांच्यासाठी तळेगाव, पिंपरी-चिंचवड किंवा पुणं गाठावं लागतं. म्हणजे प्रत्येक खेपेला किमान अर्धा दिवस आणि अनेकांचा त्या दिवसाचा रोज बुडणार. अशा माणसाला 'सगळं करून बघू' परवडत नाही. कशापासून सुरुवात करायची आणि कशाला नाही म्हणायचं, हे त्याला आधी कळायला हवं.

आणि इथे अभ्यासांचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जुनाट दुखण्यात सर्वात भरवशाचे ठरलेले उपचार स्वस्त, संथ आणि बिनधोक आहेत. महागड्या उपचारांपैकी बहुतेकांचा पुरावा त्यांच्या बिलाइतका भक्कम नाही.

हा सांधा वेगळा का आहे?

कानाच्या भोकापुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली जे हलतं तो हा सांधा. दोन्ही बाजूंना एकेक, पण हाड एकच. त्यामुळे डावा सांधा हलला की उजव्यालाही हलावंच लागतं.

तोंड उघडताना सुरुवातीला हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. तोंड आणखी उघडलं की खालच्या जबड्याचं टोक खोबणीतून पुढे सरकतं. फिरणं आणि सरकणं या दोन्ही गोष्टी करणारा हा सांधा आहे. दोन हाडांमध्ये एक छोटी, मऊ चकती असते. ती जागेवरून थोडी पुढे घसरली तर तोंड उघडताना ती परत जागेवर येते आणि 'कट्' आवाज होतो. ती जागेवर आलीच नाही, तर तोंड अर्धंच उघडतं. जबडा अडकला म्हणतात तो हा प्रकार.

निव्वळ आवाज येणं हा आजार नाही. चारचौघांची तपासणी केली तर अनेकांच्या जबड्यात आवाज सापडतो आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही साधारण एक तृतीयांश जणांची चकती सरकलेली दिसते, असं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून 'एमआरआयमध्ये डिस्क सरकलेली आली' एवढ्यावर घाबरून ऑपरेशनला होकार देऊ नये. फोटोत दिसतं ते आणि दुखतं ते, यांचा संबंध दर वेळी असतोच असं नाही.

दुखणं जास्त करून स्नायूंचं असतं. गालावरचा जाड स्नायू आणि कानशिलावरचा पंख्यासारखा पसरलेला स्नायू, हे दोघे मुख्य. दिवसा दात आवळून बसणं, झोपेत दात खाणं, ताण, अपुरी झोप यांनी ते थकतात. २० ते ४० वयात हा त्रास जास्त दिसतो आणि उपचारांसाठी येणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं.

तोंड उघडत नाही? आधी गुटख्याचं बोला

महाराष्ट्रात जबड्याबद्दल लिहिताना हा भाग टाळता येत नाही. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. सुपारी, मावा, तंबाखू खाणं मात्र थांबलेलं नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू कडक आणि पांढुरकी होते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड दर वर्षी थोडं कमी उघडू लागतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तो सांध्याचा आजार नाही. त्यात पुढे तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो, त्यामुळे त्यावर टीएमजेचे व्यायाम करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. साधारणपणे ती जायला हवीत. दोनच जात असतील तर कारण शोधायला हवं, मग ते सांध्याचं असो, सुपारीचं असो की अर्धवट आलेल्या अक्कलदाढेचं.

जबड्याचं दुखणं म्हणून आलेल्या काही गोष्टींमध्ये अजिबात थांबायचं नसतं. चढ चढताना किंवा काम करताना जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा दम लागतो, तर ते हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा. वय पन्नाशीच्या पुढे आहे, कानशिलं नव्याने दुखू लागली आहेत, चावताना जबडा भरून येतो आणि नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. रक्तवाहिनीला सूज येण्याच्या एका आजारात असं होतं आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर धनुर्वाताची शंका घ्यावी लागते. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, गाठ लागली, हनुवटी किंवा ओठ बधिर झाला, तर तेही दाखवायचं. चेहऱ्यात विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येत असेल, तर ती बहुधा नसेची असते. तिची औषधं पूर्ण वेगळी आहेत.

यातलं काही नसेल, तर पुढे वाचा.

२०२३ ची यादी काय सांगते?

डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. समितीत डॉक्टरांबरोबर रुग्णही होते. त्यामागे मोठा आढावा होता : २३३ चाचण्या गोळा केल्या गेल्या. त्यांपैकी १५३ चाचण्यांमधल्या ८,७१३ रुग्णांच्या माहितीवरून ५९ उपचारांची किंवा उपचारांच्या जोड्यांची आपसांत तुलना झाली. आधीच्या तुलना बहुतेक 'हे की ते' अशा दोनच उपचारांच्या असायच्या. इथे सगळे एका रांगेत उभे राहिले.

समितीने प्रत्येक उपचाराला 'ठाम हो', 'सशर्त हो', 'सशर्त नको' किंवा 'ठाम नको' असा शेरा दिला. 'सशर्त' हा शब्द नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बातम्यांतून नेमका तोच गळतो. सशर्त नको म्हणजे बंदी नाही. सगळी माहिती दिल्यावर बहुतेक रुग्ण हा उपचार घेणार नाहीत, काही जण घेतील आणि त्यांचं चूक नसेल, असा त्याचा अर्थ.

'ठाम हो' मिळालेली नावं वाचून पहिल्यांदा थोडं निराश व्हायला होतं, कारण त्यात एकही मशीन नाही. देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम आणि ताण. थेरपिस्टने हाताने सांधा हळूहळू हलवणं. स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठी दाबून मोकळ्या करणं. मान-खांद्याच्या ठेवणीचे व्यायाम. घरी करायचे व्यायाम, आजाराची नीट माहिती आणि धीर. आणि सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, एकटी किंवा बायोफीडबॅक अथवा शिथिलीकरणाच्या जोडीने. ॲक्युपंक्चरला 'सशर्त हो' मिळाला.

'सशर्त नको'ची यादी लांब आहे आणि बाजारात खपणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यात सापडतात : काढता-घालता येणाऱ्या प्लेट, बोटॉक्स, सांध्यात स्टेरॉइड किंवा हायलुरोनिक ॲसिडचं इंजेक्शन, सांधा धुणं, लेसर, टेन्स नावाचं विजेच्या हलक्या झटक्यांचं मशीन, गॅबापेन्टिन, बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या, कूर्चेसाठीची पूरक औषधं. 'ठाम नको' मोजक्यांना : चाव्याची ठेवण कायमची बदलणाऱ्या प्लेट, चकती काढून टाकण्याचं ऑपरेशन आणि वेदनाशामकांबरोबर अफूवर्गीय औषधं.

अनेक उपचारांच्या मागचा पुरावा अजूनही कच्चा आहे. पण कच्च्या पुराव्यातही तराजू एका बाजूला झुकलेला दिसतो. शिवाय उपयोग झाला नाही तरी व्यायामाने फारसं बिघडत नाही. काढलेली चकती मात्र परत बसवता येत नाही.

व्यायाम म्हणजे नेमकं काय?

'जबड्याचा व्यायाम' म्हटलं की लोक च्युइंगम चघळायला लागतात. उलट, तेच बंद करायचं. थकलेल्या स्नायूला आणखी राबवून तो बरा होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे जबड्याची विश्रांतीची जागा. 'न' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला जिथे टेकते, तिथे तिला राहू द्या. ओठ मिटलेले, दात सुटे. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायची गरज जेवताना आणि गिळताना असते, बाकीच्या वेळी नाही. हे वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का बघा. (हा लेख लिहिताना मी दर तासाला बघत होते. निकाल सांगण्यासारखा नाही.) मोबाइलच्या कव्हरवर एक ठिपका चिकटवा आणि तो दिसला की दात सोडा. पोरखेळ वाटेल, पण सवय मोडायला अशा खुणेचा उपयोग होतो.

दुसरं, जीभ टाळूला तशीच ठेवून तोंड हळू उघडायचं आणि मिटायचं. जीभ टेकलेली असल्यामुळे जबडा बिजागरीसारखा फिरतो, पुढे घसरत नाही. आरशासमोर करा, म्हणजे हनुवटी एका बाजूला वळते का ते दिसेल. फिजिओथेरपिस्ट बऱ्याचदा अशा हालचाली सहा-सहा वेळा, दिवसातून सहा वेळा करायला सांगतात. तिसरं, हनुवटीखाली मूठ ठेवून हलका विरोध करत तोंड उघडणं. चौथं, मानेचं. मोबाइलवर वाकलेली मान सरळ करून हनुवटी किंचित आत घेणं. व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेवला तर स्नायू सैल होतो.

व्यायाम करताना ओढ बसणं ठीक, कळ येणं ठीक नाही. जबडा अचानक अडकला असेल तर मात्र व्हिडिओ बघून स्वतःच ओढाताण करू नका.

अडचण 'देखरेखीखाली' या शब्दात आहे. चाचण्यांमधल्या रुग्णांना प्रशिक्षित थेरपिस्टकडे अनेक वेळा बोलावलं गेलं होतं. मळवलीहून आठवड्यातून दोनदा जाणं प्रत्येकाला जमणार नाही. माझ्या मते व्यवहारी मार्ग असा : पहिल्या भेटीतच फिजिओला सांगून टाका की मला तीन-चारच खेपा जमतील, त्यात मला शिकवा. व्यायाम करताना त्यांच्याच समोर तुमचा व्हिडिओ काढून घ्या. घरी तो बघून करा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवा.

सीबीटीचं नाव ऐकून अनेकांना राग येतो. 'म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे?' नाही. दुखणं खरंच असतं. पण महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था जास्त हळवी होते, झोप बिघडते, माणूस दुखेल या भीतीने जबडा आणखी आवळतो. हे चक्र तोडायच्या युक्त्या सीबीटीत शिकवतात. मराठीत वेदनेसाठी सीबीटी करणारा समुपदेशक मिळणं तालुक्याच्या पातळीवर कठीण आहे. ताण आणि झोपेबद्दल बोलण्यापुरती तरी सरकारची मोफत टेलिमानस सेवा १४४१६ वर मराठीत मिळते.

लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने बघायला सुरुवात केली ती इथेच. त्यामुळे या भागात 'शवासन कर, बरं वाटेल' हा सल्ला घरोघरी मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. नुसत्या शिथिलीकरणाला त्या यादीत 'सशर्त नको' आहे. सीबीटीच्या जोडीला ते असेल तर 'ठाम हो'. सिंहासनात तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढतात. ज्यांचा जबडा अडकतो त्यांनी ते फिजिओला विचारूनच करावं.

रात्रीची प्लेट : घ्यावी की नाही?

डेंटिस्टकडे जबड्याची तक्रार घेऊन गेलात तर बहुतेकदा पहिला सल्ला हाच असतो. दातांचं माप घेऊन ॲक्रिलिकची कडक प्लेट बनवतात. ती रात्री घालायची. नाइट गार्ड, स्प्लिंट अशी तिची नावं.

२००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत २०० रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त स्वतः घ्यायच्या काळजीचे सल्ले, दुसऱ्याला सल्ले आणि मापाची कडक प्लेट, तिसऱ्याला सल्ले आणि खेळाडू वापरतात तसली स्वस्त, मऊ प्लेट. वर्षभरानंतर तिन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारी निधीतून झालेल्या आढाव्यातही प्लेटमुळे दुखणं कमी होतं असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही.

यावर दंतवैद्यांचा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. त्यांचं म्हणणं, चाचण्यांमध्ये सगळ्या प्रकारचे रुग्ण आणि सगळ्या प्रकारच्या प्लेट एकत्र मोजल्या जातात. शिवाय जो माणूस झोपेत दात खातो, त्याचे दात प्लेटमुळे झिजण्यापासून वाचतात. हे दुसरं कारण मला पटतं. तुमचे दात झिजलेले दिसत असतील, भरलेली दाढ वारंवार तुटत असेल, तर प्लेट घ्या, पण दातांसाठी. सांध्याचं दुखणं जाईल या एकाच आशेवर पहिला खर्च तिच्यावर नको.

प्लेटचाही एक प्रकार आहे ज्याला 'ठाम नको' मिळाला : जबडा नव्या जागी बसवून चावा कायमचा बदलणारी. याच जातकुळीतल्या आणखी गोष्टी म्हणजे सांध्याच्या दुखण्यासाठी दात घासून चावा 'जुळवणं', धडधाकट दातांवर कॅप बसवणं किंवा केवळ त्यासाठी तारा लावणं. अमेरिकन असोसिएशन फॉर डेंटल रिसर्चने २०१० मध्येच सांगितलं होतं की खास कारण नसेल तर टीएमडीचे उपचार परत फिरवता येतील असेच असावेत. 'तुमचा चावा चुकीचा आहे म्हणून सांधा दुखतो' ही कल्पना जुनी आहे. १९३४ साली सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी अवघ्या ११ रुग्णांवरून ती मांडली आणि पुढे कित्येक वर्षं या आजाराला त्यांचंच नाव होतं. आज ती कल्पना बरीच मागे पडली आहे. तोंडातले दात मात्र अजून तिच्यापायी घासले जातात.

गोळ्या आणि इंजेक्शनं

नव्याने भडकलेल्या दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस घेणं वेगळं आणि मेडिकलवाल्याला 'जबड्याची पट्टी द्या' म्हणून महिनोन्‌महिने खाणं वेगळं. जुनाट दुखण्यात पॅरासिटामॉलला, एकट्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या जोडीने, 'सशर्त नको' आहे. आपल्याकडे अशी जोडगोळी सर्रास मिळते. आम्लपित्त, मूत्रपिंड, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांना सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा फटका बसू शकतो.

बोटॉक्सने स्नायूची ताकद काही महिने कमी होते. काहींना तेवढा काळ बरं वाटतं, मग परिणाम उतरतो आणि पुन्हा सुई. चेहरा बारीक दिसावा म्हणूनही हेच इंजेक्शन त्याच स्नायूत देतात, त्यामुळे 'एकात दोन फायदे' अशी जाहिरात चालते. जुनाट दुखण्यासाठी पहिल्या पायरीवर त्याची जागा नाही.

ऑपरेशनचं काय?

सांधा धुण्याची पद्धत, आर्थ्रोसेंटेसिस, १९९१ पासून वापरात आहे. दोन सुया सांध्यात घालून द्रव फिरवतात. ऑपरेशनइतकी मोठी गोष्ट नाही. जबडा अडकलेल्या काहींना तोंड उघडायला तिने मदत होते. दुखण्यासाठी मात्र २०२३ च्या यादीत तीही 'सशर्त नको'मध्येच.

मला या सगळ्या वाचनात सर्वात बोलकी वाटली ती २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक अमेरिकन चाचणी. जबडा अडकलेले १०६ रुग्ण घेतले, म्हणजे ज्यांना बघून सर्जनचे हात शिवशिवावेत असेच. त्यांचे चार गट केले. एकाला औषधं आणि घरच्या काळजीचा सल्ला. दुसऱ्याला प्लेट, फिजिओथेरपी आणि समुपदेशन. तिसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. चौथ्याला सांधा उघडून शस्त्रक्रिया. पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. चारही गटांचं दुखणं कमी झालं, जबडा जास्त चालू लागला आणि चार गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. ज्यांनी सांधा उघडून घेतला ते आणि ज्यांनी गोळ्या-सल्ल्यावर भागवलं ते, पाच वर्षांनी साधारण एकाच जागी होते.

जपानमधल्या १९९८ च्या एका अभ्यासात तर अशाच ४० रुग्णांना काहीच उपचार न देता अडीच वर्षं पाहिलं गेलं. साधारण ४० टक्के जणांची तक्रार पूर्ण गेली, एक तृतीयांश जणांची कमी झाली आणि एक चतुर्थांश जणांना काहीच फरक पडला नाही. रुग्ण थोडे होते, पण एखाद्या उपचाराने 'बरं वाटलं' म्हणणाऱ्यांपैकी किती जण एरवीही बरे झाले असते, याचा अंदाज यावरून येतो. त्या शेवटच्या एक चतुर्थांश लोकांना 'वाट बघा' सांगून भागणार नाही, हेही त्यातच दिसतं.

घाई केल्यावर काय होऊ शकतं याचंही उदाहरण आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हायटेक या कंपनीच्या प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या कृत्रिम चकतीला विक्रीची परवानगी मिळाली. हजारो सांध्यांमध्ये ती बसवली गेली. चावण्याच्या दाबाने ती झिजली, तिचे कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि त्यात आजूबाजूचं हाडच खाल्लं गेलं. १९९० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला. अनेक रुग्णांना त्यानंतर ऑपरेशनमागून ऑपरेशन करून घ्यावी लागली.

ऑपरेशन खरोखर लागणारे रुग्णही असतात. लहानपणी हनुवटीवर पडल्यामुळे किंवा कानाच्या संसर्गामुळे सांध्याची हाडं एकमेकांना जुळून जाऊ शकतात आणि मग तोंड उघडतच नाही. तिथे व्यायामाने हाड सुटत नाही. सांध्यातली गाठ, जबड्याचं फ्रॅक्चर, संधिवाताने पार झिजलेला सांधा यांचंही तसंच. प्रश्न फक्त त्या मोठ्या गटाचा आहे ज्यांचा जबडा दुखतो, थोडा अडकतो आणि आवाज करतो.

मग चिक्की सोडायची का?

लोणावळ्याच्या कुशीत राहून हा प्रश्न टाळणं बरं दिसत नाही. शेंगदाण्याची कडक चिक्की, पॉइंटवरचं भाजलेलं कणीस, ऊस : तिन्ही गोष्टी दुखऱ्या जबड्याला त्रासाच्या. चिक्की कडकही आहे आणि चिकटही, म्हणजे तोडायलाही जोर आणि सोडवायलाही. कणसाला पुढच्या दातांनी वारंवार मोठा घास घ्यावा लागतो. दाणे सोलून खाल्ले तर चालतं. वडापाव हाताने तोडून खा, आ वासून नको.

दुखणं भडकलेलं असेल तेव्हा दोन-तीन आठवडे मऊ जेवण बरं. मावळात यासाठी कुठे लांब जायला नको. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ मुळातच शिजल्यावर मऊ आणि चिकट होतो. वरण-भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, पिठलं, उकडलेल्या भाज्या एवढ्यावर निभतं. पण वर्षभर खिमटीवर राहू नका. न वापरलेला स्नायू कमजोर होतो आणि मग साधी पोळीसुद्धा कडक वाटायला लागते. हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं. चिक्की शेवटी, आणि तीही छोटा तुकडा तोंडात विरघळवून.

मळवलीहून जायचं कुठे?

सुरुवात जवळच्या डेंटिस्टकडे करा. कीड, अक्कलदाढ, हिरड्यांचा पू, गालाच्या आतली त्वचा एवढं त्यांनी बघून नाही म्हटलं की अर्धं काम झालं. पुढची तपासणी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत करून घेणं खिशाला हलकं पडतं. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचं. तिथे 'ओरल मेडिसिन' विभाग विचारा. थेट सर्जरीच्या रांगेत उभं राहू नका. व्यायामासाठी तळेगाव जवळ पडतं. मायमर मेडिकल कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेजही तिथे आहे. जाताना विचारा की जबडा आणि मानेवर काम करणारे कोणी आहेत का, कारण सगळे फिजिओ जबड्यावर काम करत नाहीत.

जुन्या एक्स-रेच्या फायलीबरोबर एक साधी वही ठेवा. दर रविवारी त्यात तीन गोष्टी लिहा : तोंड किती बोटं उघडलं, आठवड्यातले किती दिवस दुखलं, किती गोळ्या घेतल्या. कुठल्याही डॉक्टरने उपचार सुचवला की विचारा, नको वाटला तर हा परत फिरवता येतो का, आणि किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर आपण थांबायचं. सहा ते बारा आठवडे नेमाने व्यायाम करूनही वहीत काहीच हललं नसेल, किंवा तोंड दोन बोटांच्या खाली आलं असेल, तर एमआरआय आणि सर्जनचं मत घ्यायची वेळ झाली. तेव्हा ती वही बरोबर न्या.